चार हजार मैलांची वाट

आपल्या पुराणांत आणि महाकाव्यांत वणवण फिरणारी माणसं किती आहेत बघा. राम वनवासाला गेला, पांडव गेले, नळराजाचं राज्य गेलं नि तो रानोमाळ भटकला, हरिश्चंद्र काशीच्या स्मशानापर्यंत पोचला. त्यांच्या मागोमाग सीता, द्रौपदी, दमयंती, तारामतीही निघाल्या. देवळात पुराण ऐकताना आपल्या आज्या-पणज्यांनी या बायकांसाठी किती वेळा डोळ्यांना पदर लावला असेल! पण पोथी मिटली की त्या आपापल्या घरी परतायच्या. वनवास पोथीत राहायचा.

मैत्रिणींनो, दीडशे वर्षांपूर्वी एक मुलगी अशी होती की तिच्यासाठी पोथी मिटल्यावर वनवास संपत नसे. देवळाच्या ओसरीवर बसून ती रामायण, महाभारत, भागवत खणखणीत आवाजात वाचून दाखवायची. ऐकणारे पुढ्यात तांदूळ, फळं, चार पैसे ठेवायचे. ते गाठोड्यात बांधून ती आई-वडील, भावंडांबरोबर पुढच्या गावाची वाट धरायची. परत जायला तिला घरच नव्हतं.

ही मुलगी म्हणजे पंडिता रमाबाई. नाव आपल्याला शाळेच्या पुस्तकापासून ठाऊक असतं. शारदा सदन, मुक्ती सदन, धर्मांतर एवढंही आठवतं. पण त्याआधी ही बाई हजारो मैल पायी चालली होती, हे आपण पटकन विसरतो. आणि खरं सांगायचं तर ती वाट समजल्याशिवाय पुढच्या रमाबाई समजतच नाहीत.

वेताच्या पेटीतून सुरू झालेला प्रवास

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. तरुणपणी पुण्यात शिकत असताना त्यांनी पाहिलं, की त्यांचे गुरू पेशव्यांच्या घरातल्या स्त्रीला संस्कृत शिकवतात. बाई संस्कृत शिकू शकते, ही गोष्ट त्यांच्या मनात रुतून बसली. पहिली पत्नी वारल्यावर, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, गोदावरीकाठच्या एका तीर्थक्षेत्री त्यांचं दुसरं लग्न झालं. नवरी होती नऊ वर्षांची! नदीवर स्नानाला आलेल्या एका यात्रेकरूने या अनोळखी शास्त्र्याला आपली मुलगी देऊ केली, दुसऱ्या दिवशी लग्न लागलं आणि ती चिमुरडी माहेरापासून शेकडो मैल लांब निघाली. त्या काळी असंच चालायचं.

पण पुढे अनंतशास्त्र्यांनी जे केलं, ते त्या काळी चालत नव्हतं. त्यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवायला घेतलं. त्यावरून एवढं काहूर माजलं, की उडुपीच्या पंडितांपुढे त्यांना जाब द्यावा लागला. शास्त्राचे आधार दाखवून ते तिथून सुटले. शेवटी सह्याद्रीच्या जंगलात, आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळ इथे, त्यांनी आश्रम थाटला. तिथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाचा जन्म झाला.

आश्रमात येणाऱ्या-जाणाऱ्यांचा राबता मोठा आणि शास्त्रीबुवांचा हात सढळ. पाहुणचारापायी कर्ज झालं, जमीनजुमला गेला. रमा सहा महिन्यांची असताना कुटुंबाने डोंगर उतरला. बाळाला वेताच्या पेटीत ठेवून ती पेटी एका माणसाच्या डोक्यावर दिली होती. रमाचा पहिला प्रवास असा झाला!

त्यानंतर घर असं राहिलंच नाही. एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थाला जायचं, देवळात पुराण सांगायचं, मिळेल त्यावर गुजराण करायची. थोरली मुलगी कृष्णाबाई, मुलगा श्रीनिवास आणि धाकटी रमा. शाळा कुठली असणार? रमाची शाळा म्हणजे तिची आई. दिवसभर स्वयंपाक, पाणी, पाहुणे यांतून लक्ष्मीबाईंना सवड नसे, म्हणून त्या भल्या पहाटे, पाखरं जागी व्हायच्या आत, लेकीला लाडाने उठवून मांडीवर घ्यायच्या आणि पाठ द्यायच्या. असं करत करत भागवताचे हजारो श्लोक तिला तोंडपाठ झाले. बारा-पंधरा वर्षांची झाली तरी तिचं लग्न केलं नव्हतं. थोरलीचं लहानपणी केलेलं लग्न फसलं होतं आणि धाकटीच्या बाबतीत तेच करायची वडिलांची तयारी नव्हती.

न मागता मिळालेली भाकरी

मग दुष्काळ आला. मद्रास इलाख्यात अन्न महाग झालं, पुराण ऐकायला माणसं येईनात. आलीच तर हात रिकामे. गाठीला होतं ते देवाधर्मात, दानात गेलेलं. भांडी विकली, दागिने विकले. पोथ्या वाचण्याखेरीज या कुटुंबाला दुसरा धंदा येत नव्हता. मजुरी करणं कमीपणाचं आणि भीक मागायची लाज. जातीचा आणि विद्येचा मान पोटापेक्षा मोठा होऊन बसला होता. रमाबाईंनी पुढे आपल्या आठवणींत हे आडपडदा न ठेवता लिहिलं आहे.

तिरुपतीच्या बाजूच्या रानात त्यांनी पाला, रानटी खजूर आणि पाणी यांवर दिवस काढले. दृष्टी अधू झालेल्या वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं. तेव्हा श्रीनिवास म्हणाला, मी जातीचा अभिमान सोडतो आणि मजुरी करतो. पण उशीर झाला होता. १८७४ साली अनंतशास्त्री गेले.

थोड्याच काळात रायचूरला आई तापाने फणफणली. भ्रमात ती खायला मागत होती आणि घरात दाणा नव्हता. सोळा वर्षांची रमा शेजारच्या एका बाईच्या दारात जाऊन उभी राहिली. अठरा पुराणं सांगणारी मुलगी, पण तिच्या तोंडून शब्द फुटेना. लाजेनं जीभ टाळ्याला चिकटली. त्या बाईला काय कळायचं ते कळलं असावं. तिने बाजरीच्या भाकरीचा तुकडा तिच्या हातावर ठेवला. रमा धावत आली, पण तोपर्यंत आईला घास गिळण्याचीही ताकद उरली नव्हती.

आई गेली तेव्हा खांदा द्यायला माणसं मिळेनात. कसेबसे दोघे जण तयार झाले. तिसरा श्रीनिवास आणि चौथी रमा. ती उंचीने कमी, तिरडी खांद्यावर घेतली तर कलंडणार. म्हणून तिने आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला आणि तशीच तीन मैल चालली. पुढे काही काळाने थोरली बहीणही पटकीने गेली. उरले दोघं, भाऊ आणि बहीण.

ती दोघं चालत राहिली. मद्रास इलाख्यापासून मध्य प्रांत, राजपुताना, पंजाब, काश्मीर, मग बंगाल. रमाबाईंच्याच हिशेबाने हा पायी प्रवास चार हजार मैलांच्या वर भरतो. म्हणजे सहा हजार किलोमीटरहून जास्त! अंगावर धड पांघरूण नाही. कधी भावाला चार रुपये पगाराची नोकरी मिळायची, कधी तीही नाही. भिजवलेलं धान्य मीठ लावून खायचं. पंजाबात झेलमच्या काठी थंडी एवढी कडाक्याची, की दोघांनी वाळूत खड्डे खणले, त्यात झोपून डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून घेतली. ऊब मिळावी म्हणून!

आणि या वाटेवर रमा डोळे उघडे ठेवून चालत होती. तिला गावोगावच्या बालविधवा दिसल्या. केशवपन केलेल्या, एका वेळच्या जेवणावर ठेवलेल्या मुली दिसल्या. सवतींच्या घरात पिचलेल्या बायका दिसल्या. घरात राहिली असती तर तिला फार तर आपल्या आळीचं दुःख कळलं असतं. वाटेने तिला अख्ख्या देशातल्या बायकांचं दुःख दाखवलं.

पंडिता, पत्नी, विधवा

१८७८ साली ही भावंडं कोलकात्याला पोचली. वीस वर्षांची अविवाहित मुलगी अस्खलित संस्कृत बोलते, हे बघून तिथले विद्वान थक्क झाले. त्यांनी परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. कालपर्यंत वाळूत झोपणारी मुलगी आज सभा गाजवू लागली.

याच कोलकात्यात तिला सांगण्यात आलं, की तुम्ही बायकांना त्यांचा धर्म समजावून सांगा. त्यासाठी ती धर्मशास्त्रं बारकाईने वाचू लागली आणि चक्रावून गेली. ग्रंथांत बाकी सगळ्या बाबतीत मतभेद. पण बाईची पायरी खालची, यावर मात्र बहुतेकांचं एकमत! वाटेवर जे डोळ्यांनी पाहिलं होतं त्याचं मूळ आता पोथीत सापडत होतं. ज्या पोथ्यांनी तिचं पोट भरलं होतं त्यांच्यावरचा तिचा विश्वास इथे डळमळू लागला.

मे १८८० मध्ये श्रीनिवास गेला. आता जगात आपलं म्हणावं असं कुणी उरलं नाही. त्याच वर्षी तिने भावाचे स्नेही, बंगाली वकील बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. नवरा वेगळ्या प्रांताचा, वेगळ्या भाषेचा आणि शूद्र मानलेल्या जातीचा. १८८० सालची ही गोष्ट आहे बरं का! आसामातल्या सिलचरला त्यांनी संसार मांडला. एप्रिल १८८१ मध्ये मुलगी झाली, तिचं नाव मनोरमा. आयुष्यात पहिल्यांदाच रमाबाईंना स्वतःचं घर मिळालं. पण ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने मेधावी गेले. जेमतेम दीड वर्षाचा संसार. तेविसाव्या वर्षी, दहा महिन्यांच्या लेकीला कडेवर घेऊन, ही बाई पुन्हा वाटेवर आली.

ती पुण्याला आली. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या सुधारकांनी स्वागत केलं. रमाबाईंनी आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं. रानड्यांच्या पत्नी रमाबाई या सभांना जायच्या, तेव्हा घरातल्या मोठ्या बायकांची किती बोलणी खावी लागायची, ते त्यांनी आपल्या आठवणींत सांगितलं आहे. बाईने सभेला जाणं हाच गुन्हा होता! याच वर्षी सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढे रमाबाईंनी साक्ष दिली. मुलींना शिकवायला बायका शिक्षिका हव्यात आणि बायकांना तपासायला बायका डॉक्टर हव्यात, अशी त्यांची मागणी होती. पुरुष डॉक्टरला दाखवायचं नाही म्हणून बायका तशाच मरत होत्या.

समुद्रापलीकडे

आपणच डॉक्टर व्हावं, म्हणून १८८३ मध्ये रमाबाई छोट्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. बोटीचं भाडं बरंचसं पुस्तकाच्या विक्रीतून उभं राहिलं. पण ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकीचं शिक्षण घेता येईना. बरोबर आलेली मैत्रीण आनंदीबाई भगत हिने तिथे आपलं जीवन संपवलं. परक्या देशात केवढा धक्का! त्यानंतर सप्टेंबर १८८३ मध्ये रमाबाईंनी वाँटेज इथे लेकीसह ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

इकडे महाराष्ट्रात गदारोळ उठला. कालचे कौतुक करणारे आज पाठ फिरवून बसले. गंमत अशी, की नवा धर्म घेतल्यावरही रमाबाई कुणाच्या मुठीत गेल्या नाहीत. धर्मगुरू आणि जोगिणी सांगतील ते मुकाट्याने मानायला त्यांनी नकार दिला, पत्रांतून त्यांच्याशी वाद घातले. माझं मी वाचीन आणि माझं मी ठरवीन, ही सवय वडिलांनी लावलेली होती. ती सुटणार कशी?

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. निमित्त होतं आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचं. नात्यातली मराठी मुलगी डॉक्टर होताना त्यांनी फिलाडेल्फियात डोळ्यांनी पाहिली. थोड्या दिवसांसाठी गेलेल्या रमाबाई जवळजवळ तीन वर्षं तिथे राहिल्या. गावोगाव व्याख्यानं दिली, बालवाडीची पद्धत शिकल्या, भारतातल्या उच्चवर्णीय स्त्रीची स्थिती सांगणारं पुस्तक इंग्रजीत लिहिलं. त्यातून बॉस्टनला एक मंडळ उभं राहिलं आणि विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षं पैसे द्यायचं त्याने कबूल केलं.

पण या प्रवासाची किंमतही होती. पाच वर्षांच्या मनोरमेला अमेरिकेहून परत इंग्लंडला, वाँटेजच्या जोगिणींकडे पाठवावं लागलं. आई एका खंडात, लेक दुसऱ्या. नोकरीसाठी, शिक्षणासाठी मूल सासरी-माहेरी ठेवून राहणाऱ्या आपल्यातल्या कितीतरी जणींना त्या माउलीचं मन कळेल.

परतल्यावर १८८९ मध्ये त्यांचं ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक निघालं. मराठीतल्या जुन्या प्रवासवर्णनांत त्याचा मान मोठा आहे. नुसती प्रेक्षणीय स्थळं त्यात नाहीत. तिथल्या बायका संस्था कशा चालवतात, पैसा कसा उभा करतात, कुठे त्यांनाही अजून हक्क नाहीत, काळ्या माणसांना कशी वागणूक मिळते, हे सगळं आहे. लहानपणापासून वाटेवर राहिलेल्या बाईची नजर आहे ती. दिपून जात नाही.

सावली

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं. पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. इथे विधवांना शिक्षण आणि निवारा होता. इथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. त्याच वर्षी मात्र मोठं वादळ आलं. मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जात आहेत असा आरोप झाला, ‘केसरी’ने टीका केली. रानडे, भांडारकर यांनीही सल्लागारपद सोडलं. कितीतरी पालकांनी मुली काढून नेल्या. मोडतोड झाली, पण सदन बंद पडलं नाही.

आणि १८९६ मध्ये पुन्हा दुष्काळ आला, या वेळी मध्य प्रांतात. रमाबाई उठल्या आणि तिकडे गेल्या. छावण्यांत त्यांना हाडांचे सापळे झालेल्या मुली दिसल्या. त्यांना फूस लावून न्यायला टपलेली माणसंही दिसली. हे सारं त्यांनी वर्तमानपत्रात वाचलेलं नव्हतं, अंगावर काढलेलं होतं. भूक लागलेली असते पण तोंड उघडत नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. हाताशी पैसा नसताना त्यांनी सुमारे तीनशे मुली-बायका आणल्या. पुणे-दौंड रेल्वेमार्गावरच्या केडगावला जमीन घेतलेली होती, विहिरी खणलेल्या होत्या. तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि केडगावची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार पानं रोज मांडायची म्हणजे काय, ते स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाईलाच कळेल! पण रमाबाईंनी त्यांना नुसतं जेवू घातलं नाही. शेती, विणकाम, तेलघाणा, दूधदुभतं, शिवण, छापखान्यात खिळे जुळवणं, हे सगळं बायकाच करत. अंध मुलींना मनोरमा ब्रेलमध्ये वाचायला शिकवायची. हातात कसब नसेल तर विद्वान माणूसही उपाशी मरतो, हे आपल्या वडिलांच्या मरणातून रमाबाई शिकल्या होत्या, असं त्यांचं केडगाव बघताना वाटल्यावाचून राहत नाही. अनंतशास्त्र्यांच्या लेकीने आपल्या मुलींना पोथीही दिली आणि घाणाही दिला.

इथल्या मुली ख्रिस्ती धर्मात वाढल्या. हे काहींना तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. त्यावर मतभेद असू द्यावेत. पण त्या मुलींना छावणीतून उचलून आणायला दुसरं कोण गेलं होतं, हाही प्रश्न त्यासोबत विचारायला हवा.

देश-विदेश पालथे घातलेल्या रमाबाईंनी शेवटची वर्षं बहुतेक केडगावातच काढली. हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर करत बसल्या. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. आई-वडील, बहीण, भाऊ, नवरा आणि आता लेक. तरी हातातलं काम त्यांनी टाकलं नाही. ते पुरं झालं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले.

केडगावची ती संस्था आजही चालू आहे. १९८९ मध्ये भारत सरकारने रमाबाईंचं टपाल तिकीट काढलं. पण मला त्यांची आठवण येते ती वेगळ्या कारणाने. रायचूरच्या त्या शेजारणीचं नाव कुणालाच ठाऊक नाही. दारात उभ्या राहिलेल्या मुलीचा चेहरा तिने वाचला आणि न मागता भाकरी हातावर ठेवली. त्या तुकड्याने लक्ष्मीबाई वाचल्या नाहीत. पण वीस-बावीस वर्षांनी ती मुलगी मध्य प्रांतात गेली, आणि तिथल्या तीनशे जणींना तोंड उघडून काही मागावं लागलं नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, आपल्याही दारात कधी एखादी बाई, एखादी मुलगी येऊन नुसतीच उभी राहते. काही बोलत नाही. काय हवंय, असं विचारायच्या आधी एकदा तिच्या चेहऱ्याकडे नीट बघू या.